कमी पाडलं म्हणजे महाग झालं असं कोण म्हणालं? नाण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी परदेशी नाण्यांचेच प्रश्न जास्त आलेत, आणि निम्म्या पत्रांत 'मिंटेज (म्हणजे पाडलेले नग) फक्त अमुक' हे एकच वाक्य फिरून फिरून आहे. म्हणून तसे प्रश्न आधी घेतलेत. नुसता मोबाईलवरचा धुरकट फोटो पाठवून 'किती मिळतील' विचारणाऱ्यांनी कृपया रागावू नका, फोटोवरून मी भाव सांगत नाही आणि जो सांगतो त्याच्याकडे जाऊ नका.

प्रश्न: निउए नावाच्या देशाचं एक औंस चांदीचं रंगीत नाणं ऑनलाइन बघितलं, वर सिनेमातलं कॅरेक्टर आहे, फक्त २,००० नग आणि नंबर घातलेलं सर्टिफिकेट. चांदीच्या भावाच्या अडीचपट किंमत सांगतायत पण विकणारा म्हणतो दोन वर्षांत डबल होणार. घेऊ का? (हडपसर)

उत्तर: कॅरेक्टर आवडतं म्हणून घेत असाल तर बिनधास्त घ्या, छान दिसतात ती. डबल होईल म्हणून घेत असाल तर राहू द्या.

निउए हे दक्षिण प्रशांत महासागरातलं छोटंसं बेट, तिथली लोकवस्तीच दोन हजारांच्या आत आहे, म्हणजे तुमच्या नाण्याचे नग तिथल्या माणसांपेक्षा जास्त झाले. तिथे रोजचा व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये होतो. ही रंगीत नाणी त्यांच्या नावाने दुसऱ्या देशातल्या टांकसाळी पाडतात, कायद्याने ती चलन असतात पण ती देऊन कोणी पाव आणत नाही, थेट डब्यात घालून तुमच्या-आमच्यासारख्यांना विकायची. कुक आयलंड्स, तुवालू, पलाऊ, सगळीकडे हाच धंदा आहे आणि त्यात बेकायदा काही नाही. पण २,००० हा आकडा कोणी ठरवला? विकणाऱ्याने. पुढच्या महिन्यात दुसरं कॅरेक्टर, परत २,०००. सोसायटीच्या गणपतीची पावतीपुस्तकं पण मोजकीच छापतात, म्हणून कोणी ती लॉकरमध्ये ठेवतं का?

भाव ठरतो तो किती पाडली ह्यावर नाही, किती उरली आणि किती जण ती शोधतायत ह्यावर. मोनॅकोने २००७ मध्ये ग्रेस केलीच्या पंचविसाव्या स्मृतिवर्षाचं दोन युरोचं नाणं काढलं, नग २०,००१. तुमच्या नाण्याच्या दहापट. तरी ते आज हजार युरोच्या वरच जातं, कारण युरोपभर दोन युरोची सगळी नाणी जमवणारे लोक आहेत आणि प्रत्येकाच्या अल्बममध्ये ते एकच भोक रिकामं आहे. तुमच्या नाण्यासाठी असं अल्बम घेऊन बसलेलं कोण आहे ते मला दिसत नाही. दोन वर्षांनी विकायला जाल तेव्हा समोरचा पहिल्यांदा तराजू काढेल आणि चांदीचा भाव लावेल, रंगाचे पैसे कापले नाहीत तर नशीब.

प्रश्न: मुलगा लंडनला असतो, त्याने सुट्टीत येताना ५० पेन्सचं क्यू गार्डन्सचं नाणं आणलंय, त्याच्यावर पॅगोडा आहे आणि २००९ लिहिलंय. हे फार दुर्मीळ आहे म्हणतात, शंभर पौंडांच्या पुढे भाव बघितला. खरं आहे का? (कोथरूड)

उत्तर: काकू, आधी नाणं उलटं करून राणीची बाजू बघा, कारण गंमत तिथे आहे.

क्यूच्या बागेला २५० वर्षं झाली म्हणून २००९ मध्ये हे नाणं निघालं, चलनात फक्त २,१०,००० आली आणि बरीच वर्षं ते इंग्लंडच्या चलनातलं सगळ्यात कमी संख्येचं ५० पेन्स होतं. (आता तो मान २०२३ च्या सॅल्मन माशाच्या नाण्याकडे गेलाय, ती २ लाखच आहेत.) पण २०१९ मध्ये ५० पेन्सच्या नाण्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा टांकसाळीने हेच डिझाइन परत पाडून कलेक्टरच्या सेटमध्ये विकलं, आणि पॅगोडाच्या बाजूला १७५९ आणि २००९ हे आकडे तसेच ठेवले कारण ते बागेच्या वाढदिवसाचे आकडे आहेत. म्हणजे ती बाजू बघून काहीच कळत नाही. राणीच्या मानेखाली भिंगातून चित्र करणाऱ्याच्या नावाची बारीक अक्षरं बघा, आयआरबी अशी असतील तर चित्र जुनं, म्हणजे २००९ चं, जेसी असतील आणि कडेला २०१९ दिसलं तर तुमचं नाणं सेटमधून फुटून आलेलं आहे.

आयआरबी निघालं तरी नाचू नका लगेच, ह्या नाण्याच्या नकली प्रती पण भरपूर फिरतायत. सराफाकडे वजन करून बघा, बरोबर ८ ग्रॅम पाहिजे. अक्षरांच्या कडा गुळगुळीत, पॅगोडाचे मजले एकमेकांत मिसळल्यासारखे दिसले तर संशय घ्या. सगळं जुळलं तर मुलाला सांगा तिकडेच विकायचंय, पुण्यात त्याला गिऱ्हाईक मिळेल पण तिकडचा भाव मिळणार नाही.

प्रश्न: आजोबांच्या पेटीत अमेरिकेचा १९२१ सालचा चांदीचा डॉलर मिळाला. कॅटलॉग आणून वाचायला लागलो तर डोकंच चालेना. काही सालांचे डॉलर कमी पाडलेले तरी स्वस्त, काही भरपूर पाडलेले तरी महाग. हा काय हिशोब आहे? (सदाशिव पेठ)

उत्तर: काका, तुमचा प्रश्न ह्या महिन्यातला मला सगळ्यात आवडलेला, आणि ह्याचं उत्तर तिकडे अमेरिकेत कमी आणि आपल्याकडे जास्त आहे.

पहिल्या महायुद्धात आपल्या लोकांचा कागदी नोटांवरचा विश्वास उडाला, जो तो नोट देऊन चांदीचा रुपया मागायला लागला आणि मिळालेला रुपया घरात पुरून ठेवायला लागला. १९१८ ला सरकारकडची रुपयांची शिल्लक संपायच्या बेताला आली. मग ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरले, आणि एप्रिल १९१८ मध्ये तिकडे पिटमन ॲक्ट झाला, नेवाडाच्या सिनेटर पिटमन ह्यांच्या नावाने. त्या कायद्याखाली तिजोरीतले २७ कोटींच्या वर चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातल्या जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानकडे आली आणि तिचे रुपये झाले. म्हणजे तुमच्या आजोबांच्याच पेटीत जर पंचम जॉर्जचे १९१८ चे रुपये असतील तर त्यात मॉर्गन डॉलर (त्या काळचा अमेरिकेचा चांदीचा डॉलर) विरघळलेला असू शकतो!

आता हिशोब बघा. वितळवताना कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे डॉलर गेले ह्याची नोंद कोणी ठेवलीच नाही. म्हणून कॅटलॉगमधला मिंटेजचा आकडा म्हणजे जन्मदाखला, हयातीचा दाखला नव्हे. १८९५ च्या फिलाडेल्फियाच्या डॉलरचं बघा, दप्तरात १२,००० साधे आणि ८८० प्रूफ (कलेक्टरसाठी खास चकचकीत पाडलेले) अशी नोंद आहे, पण साधा एकही कोणाला मिळालेला नाही, जे दिसतात ते प्रूफ. उलटा किस्सा १९०३ च्या न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा. ४४.५ लाख पाडलेले, पण बाजारात दिसत नसत म्हणून साठ वर्षं तो मोठ्या दुर्मिळांत धरला जायचा, लोक भरमसाट पैसे मोजायचे. १९६२ च्या शेवटी सरकारी तिजोरीतून पोत्यांनी बाहेर आला, दर्शनी किमतीला, एक डॉलरला एक. ज्यांनी आदल्या वर्षी घेतला असेल त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

आणि तुमचा १९२१ चा? वितळवलेले डॉलर परत पाडायचे असं त्याच कायद्यात होतं, त्यामुळे १९२१ मध्ये टांकसाळी धडाधड चालल्या आणि एका वर्षात साडेआठ कोटींच्या वर मॉर्गन निघाले. म्हणून तुमचा मॉर्गन असेल तर तो त्यातला सगळ्यात साधा. चांदीच्या भावापेक्षा फार वर जाणार नाही, पण वजन २६.७३ ग्रॅम आणि व्यास ३८.१ मिलिमीटर आहे का ते बघून घ्या आणि जपून ठेवा, हे नाणं पाडावं लागलं ते आपल्याच लोकांच्या रुपयाच्या हट्टापायी.

प्रश्न: जपानी शिकतेय, सेन्सेईंनी सांगितलं शोवा ६४ (सम्राट हिरोहितोंच्या शोवा काळातलं ६४ वं) हे वर्ष फक्त सात दिवसांचं होतं. माझ्याकडे त्या वर्षाचं ५०० येनचं नाणं आहे! किती दुर्मीळ असेल? (एरंडवणे)

उत्तर: वर्ष सात दिवसांचं हे खरं, सम्राट हिरोहितो ७ जानेवारी १९८९ ला गेले आणि दुसऱ्या दिवसापासून हेइसेई हा नव्या सम्राटाचा काळ सुरू झाला. पण टांकसाळीतले साचे काही त्या दिवशी थांबले नाहीत, शोवा ६४ ची ५०० येनची नाणी १ कोटी ६० लाखांच्या घरात आहेत. गोष्ट मोठी, नाणं साधं. तुला खरंच कमी संख्येचं हवं असेल तर दोन वर्षं मागे जा, शोवा ६२ चं ५० येनचं, ते चलनात आलंच नाही, फक्त टांकसाळीच्या सेटमध्ये ७,७५,००० निघाली. त्याच्यामागे कसली गोष्ट नाही म्हणून कोणी विचारत नाही बिचाऱ्याला, पण जपानी कलेक्टर बरोबर ओळखून आहेत.

प्रश्न: वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं दहा लाखाला जातं असा व्हिडिओ आला. नंबरवर फोन केला तर रिझर्व्ह बँकेचं रजिस्ट्रेशन म्हणून १,२५० रुपये आधी भरायला सांगतायत. (धायरी)

उत्तर: भरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी त्यांचा संबंध नाही, असली फी किंवा कमिशन ते कधी मागत नाहीत आणि तसं मागायचा अधिकार त्यांनी कोणाला दिलेला नाही. ते नाणं अजून रिक्षावाला सुट्ट्यात देतो हो. पैसे आधीच गेले असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, आजच.

प्रश्न: ओळखीतला माणूस शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन चाळीस हजारात देतोय. (भोर)

उत्तर: तो होन नाही. अस्सल होन आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके माहिती आहेत, ते असे ओळखीत फिरत नाहीत. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं पाहायचीच असतील तर तांब्याची शिवराई घ्या, अस्सल आणि परवडणारी मिळते, फक्त चांगल्या डीलरकडून पावतीसकट.

प्रश्न: सेकंड इयरला आहे, महिन्याला हजार रुपये बाजूला निघतात. वर्ल्ड कॉइन्समध्ये लो मिंटेजच गोळा करायची आहेत. पुण्यात सुरुवात कुठून करू? जुन्या बाजारात जाऊ का? (फर्ग्युसन रस्ता)

उत्तर: जा की, रविवारी नाहीतर बुधवारी जा, पण पहिले दोन-तीन महिने हात खिशात ठेवून जा. नुसतं बघ. तिथे चादरीवर जे अमेरिकेचे मोठे डॉलर ढिगाने पडलेले असतात ना, वरच्या बाईचं, म्हणजे लिबर्टीचं, तोंड सुजल्यासारखं आणि रंग शिशासारखा करडा, ते बहुतेक सगळे नकली, लोहचुंबक लावलास तर कित्येक टचकन चिकटतात. चांदी चिकटत नाही. मात्र चिकटलं नाही म्हणजे खरं असंही नाही, पितळेवर मुलामा दिलेलं पण चिकटत नाही. म्हणून पहिल्या महिन्याचे हजार रुपये नाण्यावर घालवू नकोस, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला वजनकाटा आणि दहापटीचं भिंग घे. आपला जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, हे पाठच पाहिजे. ओतून केलेल्या नकली नाण्याच्या कडेला बारीक शिवण दिसते आणि अंगावर पुटकुळ्या असतात, पाडलेल्याला नसतात.

भिंगाचा उपयोग सांगतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया हे आपल्याकडचं प्रसिद्ध दुर्मीळ नाणं, पुढच्याच वर्षी चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली आणि १९३९ चे बाहेर फारसे दिसलेच नाहीत. त्यामुळे १९३८ च्या रुपयातला ८ खरवडून ९ करणारे कलाकार पैशाला पासरी. त्या तारखेत ९ दोनदा येतो, एक दुसऱ्या जागी आणि एक शेवटी. दोन्ही भिंगाखाली शेजारी-शेजारी ताडून बघायचे, पोटाची गोलाई, शेपटीचा बाक, आजूबाजूची जमीन. खरवडलेल्या आकड्याभोवतीची जमीन किंचित खोलगट आणि जास्त चकचकीत दिसते. पाच मिनिटं लागतात, आणि विकणारा 'अरे किती बघतोस' म्हणायला लागला की समजायचं.

आता लो मिंटेजचं. सगळ्या जगाचं लो मिंटेज हजार रुपयात होत नाही, एक छोटा विषय धर. मी तुझ्या जागी असतो तर आठवा एडवर्ड धरला असता. हा राजा १९३६ च्या जानेवारीत गादीवर आला आणि डिसेंबरात सोडून गेला, लग्नापायी. त्याच्या तोंडवळ्याची ब्रिटिश नाणी लोकांच्या हातात आलीच नाहीत, नमुने तेवढे आहेत, त्यातलं एक सोन्याचं सॉव्हरिन २०२० मध्ये दहा लाख पौंडांना गेलं. म्हणजे तुझ्या-माझ्या कामाचं नाही. पण त्याच्या नावाची नाणी वेगळी! पश्चिम आफ्रिका, पूर्व आफ्रिका, फिजी, न्यू गिनी इथल्या मधे भोक असलेल्या नाण्यांवर तोंडवळा नसतोच, नुसतं नाव असतं, ती १९३६ ला चलनात आली आणि पश्चिम आफ्रिकेची पेनी तर आजही किरकोळीत मिळते. आणि त्याहून भारी म्हणजे आपलं कच्छ संस्थान. तिथल्या पाच कोरीच्या नाण्यावर (कोरी हे तिथलं चलन) एका बाजूला फारसी लिपीत एडवर्डचं नाव आणि १९३६, दुसऱ्या बाजूला नागरीत महाराओ खेंगारजी आणि संवत १९९३. चांदीचं, १३.८७ ग्रॅम. लंडनमधल्या माणसाला आपल्या राजाचं नाणं मिळालं नाही आणि भुजच्या भाजीवाल्याकडे होतं. काही महिन्यांचे पैसे साठवून घेण्यासारखं आहे, घाई नको, व्हीएफच्या (व्हेरी फाइन, म्हणजे थोडंच झिजलेलं) खालचं घेऊ नकोस.

जाता-येता सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात डोकाव आणि केळकर म्युझियम बघ. पुण्यात दरवर्षी कॉइनेक्सचं प्रदर्शन भरतं तिथे डीलर एका छताखाली असतात, चार टेबलांवर एकाच नाण्याचा भाव विचार, कोण काय आहे ते कळतं. नाशिकला गेलास तर अंजनेरीची नाणकशास्त्राची संस्था चुकवू नकोस, सोबत कोणी कंटाळणारं नेऊ नकोस एवढंच. आणि पीसीजीएस, एनजीसी ह्या नाणी तपासून डबीत बंद करून देणाऱ्या कंपन्यांच्या डबीतलं नाणं घेताना डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळतोय का बघायचा, आता डब्या पण नकली येतात.

प्रश्न: पावसाळ्यात नाण्यांवर हिरवं चिकट येतंय. चिंचेने घासू का? (औंध)

उत्तर: नाही नाही नाही. चिंच नको, टूथपेस्ट नको, रांगोळी नको, भांड्याची पावडर तर मुळीच नको. घासलेलं नाणं चकाकतं आणि किंमत निम्म्यावर येते, कधी त्याहून खाली. ते हिरवं चिकट बहुतेक करून तुमच्या अल्बमच्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधून येतंय, आपल्या दमट हवेत जास्तच. शुद्ध ॲसिटोनमध्ये, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये नव्हे, काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवा, खिडकी उघडी आणि गॅस बंद, मग न पुसता कोरडं होऊ द्या. पुढे मायलारचे, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकचे, होल्डर वापरा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रबर बँड लावून चांदीची नाणी ठेवू नका, गंधकाने काळी पडतात. सावकाश आलेला निळा-तांबूस रंग मात्र तसाच राहू द्या, त्याला टोनिंग म्हणतात आणि त्याचे लोक जास्त पैसे देतात.

प्रश्न: परदेशी नाणी घरात ठेवायला मर्यादा आहे का? आणि मुलगी अमेरिकेला चाललीय, तिला आजीचे १९१२ आणि १९४१ चे रुपये द्यायचेत. (बाणेर)

उत्तर: परदेशी नोटांना मर्यादा आहे, फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांत २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत, पण परदेशी नाण्यांना मर्यादा नाही, पोतं भरून ठेवा.

रुपयांचं जरा लक्ष देऊन वाचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून १९१२ चा तिने नेऊ नये, आजीची आठवण असली तरी. १९४१ चा त्या कायद्यात बसत नाही, पण विमानतळावर साल वाचत बसायची वेळ येऊ नये म्हणून पुरातत्त्व खात्याकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला आधीच घेऊन ठेवा. १९१२ चा तुमच्याकडे राहू द्या, ती आली की बघेल.